आयनांबर मोजायचे तर जमिनीवरचे संदेशही हवेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उपग्रह आले, आता जमिनीवरच्या रेडिओ प्रक्षेपकांचे काय काम, असा सूर अलीकडे वारंवार कानी पडतो. जहाजे आणि विमाने चालवण्याच्या दृष्टीने त्यात किती तथ्य आहे, ते संबंधित खात्यांनी पाहावे. आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याच्या, अभ्यासापुरते मात्र हे म्हणणे साफ चुकीचे आहे. या अभ्यासाला उपग्रहांचे आणि जमिनीवरचे असे दोन्ही संदेश लागतात, ते एकाच घड्याळावर नोंदवावे लागतात, आणि हे काम करायला गोव्याइतकी सोयीची जागा पश्चिम किनाऱ्यावर क्वचितच सापडेल. गोव्यातल्या महाविद्यालयांनी ते हाती घ्यावे, म्हणून हे पत्र.

जीपीएसचा संदेश सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येतो. वाटेत आयनांबरातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे त्याला उशीर होतो, आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एक चौरस मीटर छेदाच्या उभ्या नळीत १०^१६ इलेक्ट्रॉन असले की त्याला एक टीईसी एकक म्हणतात; टीईसी म्हणजे वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची एकूण बेरीज. एका एककामागे १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या एल-१ या वारंवारतेवर अंतर सुमारे १६ सेंटिमीटरने जास्त भरते, १२२७.६० च्या एल-२ वर २७ सेंटिमीटरने आणि ११७६.४५ च्या एल-५ वर २९ सेंटिमीटरने. सौर क्रियाशीलता जोरात असताना दुपारी डोक्यावर ८० एकके असली, तर एल-१ वर सरळ १३ मीटरची चूक झाली. उपग्रह क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर तिरक्या वाटेमुळे ती पावणेदोन पटीने वाढते. दोन वारंवारतांवरचा फरक मोजला की टीईसी हाती येते. इथवर सगळे पाठ्यपुस्तकातले.

अडचण अशी की ही फक्त बेरीज असते. वाण्याने सामानाची यादी न देता नुसता एकूण आकडा सांगावा, तसे. त्या आकड्यातला बहुतेक वाटा ३०० ते ४०० किलोमीटरच्या आसपासच्या एफ-२ थराचा असतो. तिथे दर घनमीटरला १०^१२ च्या घरात इलेक्ट्रॉन असतात. ६० ते ९० किलोमीटरमधल्या डी थरात ते हजारपटीने, कधी दहा हजारपटीने कमी. डी थर दुप्पट झाला काय किंवा नाहीसा झाला काय, टीईसीच्या आकड्यात ते उमटत नाही. तरीही लघुलहरींवरचा संपर्क सौरज्वालेच्या वेळी तुटतो तो याच थरामुळे, आणि मध्यम लहरींवर दिवसा न लागणारी दूरची केंद्रे रात्री खणखणीत लागतात तीही हा थर रात्री विरतो म्हणून.

डी थर बघायचा तर त्याच्यावर आपटून परतणाऱ्या लहरी हव्यात, म्हणजे काही किलोहर्ट्झ ते काहीशे किलोहर्ट्झ. दिशादर्शनासाठी या पट्ट्यात एके काळी मोठी व्यवस्था होती. ओमेगा प्रणाली १० ते १४ किलोहर्ट्झमध्ये चालायची, ती ३० सप्टेंबर १९९७ रोजी बंद झाली. १०० किलोहर्ट्झवरच्या लोरान-सीची एक साखळी गुजरातेत ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा इथे होती. अमेरिकेने आपली लोरान-सी २०१० साली बंद केली. आज आपल्या किनाऱ्यावर उपयोगी पडतील असे दोन प्रकार आहेत. पहिला, दीपगृह खात्याच्या डीजीपीएस केंद्रांचा, ३०० किलोहर्ट्झच्या आसपासचा. उपग्रहांच्या चुकांची दुरुस्ती तो जमिनीवरून पाठवतो. दिवसा तो समुद्रपृष्ठालगत येतो. रात्री आकाशलहर, म्हणजे आयनांबरावरून परतलेली लहर, येऊन त्यात मिसळते, तीव्रता वरखाली होते, आणि नाविकाची ती डोकेदुखी अभ्यासकाचे मोजमाप ठरते. दुसरा प्रकार दिशादर्शनाचा नाही हे आधीच सांगतो. नौदलांचे अतिनीच वारंवारतेचे प्रक्षेपक पाणबुड्यांना संदेश देतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथला व्हीटीएक्स १८.२ किलोहर्ट्झवर, आणि ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाचा एनडब्ल्यूसी १९.८ किलोहर्ट्झवर. ओमेगाच्या लहरी ज्या वाटेने यायच्या त्याच वाटेने हेही येतात: खाली जमीन किंवा समुद्र, वर डी थर. संदेश गुप्त असतो आणि त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. तीव्रता आणि फेज (तरंग आपल्या आवर्तनात कुठवर आला ते) एवढेच मोजायचे. तरी संस्थेने केंद्राच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेला आधी लेखी विचारून घ्यावे. पुढे कुणी शंका काढली तर कागद हाताशी असलेला बरा.

आता गोवाच का, ते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंबा इथून १९६३ साली पहिले रॉकेट सोडले गेले ते त्याच कारणाने. विषुववृत्तावर दिवसा इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना घसरून सुमारे १५ चुंबकीय अंशांवर साचतात. आपल्याकडचा तो ढीग साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात. गोवा बरोबर मधल्या उतारावर आहे. पणजीतला अँटेना ३० अंशांपर्यंतचे उपग्रह धरतो असे मानले, तर ३५० किलोमीटर उंचीवर त्याची नजर दोन्ही बाजूंना सुमारे ५३० किलोमीटर पोचते. दक्षिणेला त्रिशूरच्या अक्षांशापर्यंत आणि उत्तरेला नाशिकच्याही थोडे पलीकडे. एका गच्चीवरून उताराचा मोठा भाग दिसतो. हवाई वाहतुकीसाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेल्या, जीपीएसची दुरुस्ती देणाऱ्या गगन प्रणालीच्या १५ संदर्भ केंद्रांपैकी एक गोव्यात आहेच. पण गगन पाच-पाच अंशांच्या जाळीच्या बिंदूंवर दुरुस्ती देते. आपण ज्या चौकोनात येतो त्याचे कोपरे १५ आणि २० अंश उत्तर, ७० आणि ७५ अंश पूर्व. साडेपाचशे किलोमीटरचा एक चौकोन आणि त्यात एवढा तीव्र उतार. आयनांबर म्हणजे एकच पातळ कवच, हे गृहीतक इथे तोकडे पडते, म्हणूनच तर इस्रोने गगनसाठी अनेक थरांचे प्रारूप केले. ते विमानांसाठी पुरेसे. अभ्यासाला त्याहून बारीक नोंदी हव्यात.

उपग्रहांच्या बाजूने लागणारा संच सोपा आहे. दोन वारंवारतांचा, कच्ची निरीक्षणे बाहेर देणारा रिसीव्हर घ्यावा; फक्त अक्षांश-रेखांश देणारा निरुपयोगी. यू-ब्लॉक्स झेड-ई-डी-एफ-९-पी सारखा स्वस्त मॉड्यूल टीईसीला चालतो, पण तो एल-२ वर नागरी एल-२-सी हाच संदेश वापरतो आणि जुन्या आयआयआर मालिकेतल्या जीपीएस उपग्रहांवर तो नाही. नाविक या भारतीय दिशादर्शन प्रणालीचे उपग्रह हवे असतील तर एल-५ घेणाराच रिसीव्हर लागेल. सिंटिलेशनचा, म्हणजे आयनांबरामुळे तीव्रतेत होणाऱ्या जलद थरथरीचा, एस-४ निर्देशांक हवा असेल तर सेकंदाला ५० वेळा तीव्रता नोंदवणारा वेगळा रिसीव्हर लागतो. तो महाग. तो नसेल तर ३० सेकंदांच्या नोंदींवरून टीईसीच्या बदलाचा वेग काढून पाच-पाच मिनिटांचे प्रमाण विचलन घ्यावे. या आरओटीआय निर्देशांकावर पहिली काही वर्षे सहज निघतील.

कोडवरून, म्हणजे संदेशातल्या वेळेच्या खुणांवरून, काढलेली टीईसी खरबरीत असते, फेजवरची गुळगुळीत पण तिला शून्य नसते. म्हणून फेजची रेघ कोडच्या सरासरीवर बसवतात. इथे पहिला घोटाळा: मध्येच संदेश क्षणभर तुटला की फेज काही पूर्ण तरंगांनी उडी मारते. एल-१ चा एक तरंग १९ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ दोन एककांची खोटी पायरी. अशी पायरी दिसली की तिथे रेघ तोडून नव्याने बसवावी, भरून काढण्याचा मोह टाळावा. दुसरा घोटाळा रिसीव्हरच्या स्वतःच्या विलंबाचा. एल-१ आणि एल-२ च्या मार्गांत एका नॅनोसेकंदाचा फरक असला तर टीईसीत २.८५ एककांची चूक होते. उपग्रहांचे विलंब आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवा प्रसिद्ध करते. रिसीव्हरचा आपल्याला काढावा लागतो, आणि केबल किंवा अँटेना बदलला की पुन्हा काढावा लागतो. पहाटे चार-पाचच्या सुमारास टीईसी उणे येऊ लागली, तर तो आयनांबराचा चमत्कार नसून हाच विलंब असतो.

तिसरी गोष्ट खास गोव्याची. पत्र्याची छपरे, पाण्याची टाकी, मांडवी-झुवारीचे पाणी आणि समोरचा समुद्र यांवरून परावर्तित झालेले संदेश थेट संदेशात मिसळतात. अँटेनासमोर माड असेल तर पावसाने भिजलेली झावळे वाऱ्यावर हलताना जी तीव्रता नाचते, ती हुबेहूब सिंटिलेशनसारखी दिसते. ओळखण्याची खूण पक्की आहे. जीपीएस उपग्रह रोज सुमारे चार मिनिटे लवकर त्याच जागी येतो. आज रात्री ८:१२ ला दिसलेला नाच उद्या ८:०८ ला आणि परवा ८:०४ ला दिसला तर तो पत्र्याचा किंवा माडाचा. आयनांबराला असे वेळापत्रक नसते. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या आत हिरवट थर चढतो, पहिल्या पावसात केबलमध्ये पाणी शिरते आणि संदेश हळूहळू क्षीण होतो. उंचावरच्या उपग्रहाची तीव्रता ४५ डेसिबल-हर्ट्झच्या वर असायला हवी. ती आठवड्यागणिक उतरत असेल तर आधी कनेक्टर उघडून बघावा. सांध्यांवर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप, केबलला वीजरोधक, आणि आर्थिंग. जांभ्याच्या सड्यावर आकाश मोकळे मिळते हे खरे, पण मार्च-एप्रिलमध्ये जांभा कोरडा ठणठणीत होतो आणि आर्थिंग नावापुरते उरते. नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा कडाडतात.

जमिनीवरच्या संदेशांसाठी लागणारे साहित्य यापेक्षाही साधे. एक मीटर बाजूची लाकडी किंवा पीव्हीसीची चौकट, तिच्यावर एनॅमलच्या तारेचे ३० वेढे, म्हणजे १२० मीटर तार. एक कमी गोंगाटाचा प्रवर्धक. आणि ९६ किलोहर्ट्झने नमुने घेणारे साउंड कार्ड. चौकटीचे प्रतल प्रक्षेपकाच्या दिशेने ठेवायचे. इथे गोव्याचे नशीब चांगले. विजयनारायणम पणजीपासून सुमारे ९०० किलोमीटर, उत्तरेपासून १५० अंशांच्या दिशेला; ऑस्ट्रेलियाचा प्रक्षेपक सुमारे ६,००० किलोमीटर, १३२ अंशांना. १४० अंशांवर लावलेली एकच चौकट दोघांनाही पुरते. साउंड कार्डाची माइकची नव्हे, लाइनची बाजू वापरावी आणि आपोआप आवाज सावरणारी सोय बंद करावी. ती चालू राहिली तर सौरज्वालेने वाढलेली तीव्रता संगणक इमानेइतबारे पुसून टाकतो. कपॅसिटर लावून चौकट १९ किलोहर्ट्झला जुळवली तर संदेश वाढतो, पण उन्हात तापली की फेज सरकते. नुसती तीव्रता हवी असेल तर जुळवा, फेज हवी असेल तर जुळवू नका. चौकट इमारतीपासून किमान २०-३० मीटर दूर असावी. इन्व्हर्टर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइल चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर हे सगळे याच पट्ट्यात बोंबलतात. जागा ठरवण्याआधी बॅटरीवरचा लॅपटॉप घेऊन संध्याकाळी, घरोघरचे दिवे लागलेले असताना, तिथला गोंगाट बघून घ्यावा.

दोन्ही बाजू जुळतात त्या वेळेच्या सांध्यावर. साउंड कार्डाचे घड्याळ दर दहा लाखांत दहा-वीस भागांनी चुकते, आणि फेज मोजायला ते चालत नाही. उपग्रह रिसीव्हरमधून दर सेकंदाला निघणारा पीपीएस स्पंद साउंड कार्डाच्या दुसऱ्या चॅनेलला द्यावा. मग प्रत्येक नमुन्याची खरी वेळ कळते. हे प्रक्षेपक सेकंदाला २०० बिट पाठवत असले, तर संदेशाचा वर्ग केला की दुप्पट वारंवारतेच्या दोन्ही अंगांना १०० हर्ट्झवर दोन स्वच्छ रेघा उभ्या राहतात. त्यांच्यावरून फेज काढायची.

एवढे झाले की नोंदी बोलू लागतात. भर दुपारी १८.२ आणि १९.८ दोन्हींची तीव्रता काही मिनिटांत झपकन बदलली आणि तास-दीड तासात हळूहळू पूर्ववत झाली, टीईसी मात्र जेमतेम एक-दोन एककांनी उचलली: ही सौरज्वाला. क्ष-किरणांनी डी थर खाली आणला. एफ थराला अतिनील किरणांचा थोडा धक्का बसला. गोज या अमेरिकी हवामान उपग्रहाच्या क्ष-किरण आलेखाशी वेळ ताडून बघावी. १८.२ एकदम तळाला आणि १९.८ जागच्या जागी: प्रक्षेपक बंद आहे, आयनांबराचा संबंध नाही. दोन प्रक्षेपक ऐकायचे ते मुख्यतः यासाठीच. संध्याकाळी साडेसातनंतर काही मिनिटांत टीईसी दहा-वीस एककांनी कोसळली, तीव्रता थरथरू लागली, एल-२ आधी सुटला, आणि खालच्या वारंवारता शांत: हा एफ थरातला प्लाझ्माचा बुडबुडा. संपाताच्या आसपासच्या महिन्यांत, सूर्य जोरात असताना, हे हमखास दिसते. बुडबुडा सेकंदाला साधारण १०० मीटर वेगाने पूर्वेकडे सरकतो. पणजी आणि मोले यांच्यात पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटर आहेत. दोन्हीकडे रिसीव्हर असतील तर तीच थरथर मोलेला सात-आठ मिनिटे उशिरा पोचेल आणि वेग थेट मोजता येईल. यासाठी भूस्थिर उपग्रह सर्वांत चांगला, कारण तो हलत नाही. ८३ अंश पूर्वेवरचा जीसॅट-१० गोव्यातून ६९ अंशांवर दिसतो आणि त्याची रेघ आयनांबराला कुमठ्याच्या माथ्यावर छेदते, चोवीस तास तिथेच. त्याचा कोड खरबरीत असतो, म्हणून भिस्त तीव्रतेवर आणि फेजवर ठेवावी.

एक चूक मात्र शिकलेसवरलेलेही करतात, म्हणून ठळक सांगतो. विजयनारायणमचा संदेश गोव्याच्या वरचा डी थर सांगत नाही, वाटेवरचा सांगतो. त्या वाटेचा मध्य मडिकेरीच्या आसपास येतो. त्याची तुलना पणजीच्या डोक्यावरच्या टीईसीशी करणे व्यर्थ. दक्षिण-आग्नेयेला, ३५ अंशांच्या आसपासच्या उंचीवर असलेला उपग्रह निवडावा; त्याचा छेदबिंदू बरोबर तिथे पडतो. असा उपग्रह सदैव नसतो, पण जेव्हा असतो तेव्हाची जोडी सोन्याची. मग परावर्तनाची उंची, दिवसा ७० ते ७४ किलोमीटर आणि रात्री ८५ च्या वर, ही तळाची अट म्हणून आणि टीईसी ही बेरीज म्हणून नेक्विकसारख्या आयनांबराच्या प्रारूपात घालता येते. मधल्या उंचीसाठी २०१९ पासून फिरणाऱ्या कॉस्मिक-२ च्या सहा उपग्रहांनी उंचीनुसार घेतलेले छेद आहेत. त्यांची कक्षा २४ अंशांनी कललेली असल्याने आपला पट्टा त्यांच्या वाटेत येतो.

दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था, ताळगावचे विद्यापीठ, मैत्री आणि भारती ही अंटार्क्टिकातली केंद्रे जिथून सांभाळली जातात ती वास्कोची ध्रुवीय संस्था, एवढे मनुष्यबळ एका तालुक्याच्या अंतरात आहे. पदार्थविज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी महाविद्यालयेही आहेत. मुहूर्तही समोर आहे. सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपार उतरताना गोव्यातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ऑगस्टमधले आपले आभाळ पाहता दुर्बिणी आणि चष्मे बहुधा पिशवीतच राहतील. या लहरींना मात्र ढगांचे काही वाटत नाही. त्या ऋतूत बुडबुड्यांचाही उपद्रव कमी. ग्रहणाचा परिणाम म्हणजे नेहमीच्या दिवसापासूनचा फरक, तेव्हा नेहमीचा दिवस कसा असतो ते आधी माहीत हवे. नोंदी ऐन जुलैत सुरू करून भागणार नाही. २०२६ चा संपूर्ण पावसाळा हाताशी असावा, आणि तुलनेला चुंबकीयदृष्ट्या शांत दिवस निवडावेत.

ज्यांना हे करायचे आहे त्यांना एवढेच मागणे: उपग्रहांच्या नोंदी ३० सेकंदांच्या, रायनेक्स या प्रमाण स्वरूपातल्या फायलींत ठेवा, खालच्या वारंवारतांची तीव्रता आणि फेज दर सेकंदाला, सगळे यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत. आलेखाची चित्रे ठेवून कच्चे आकडे पुसू नका. वीज केव्हा गेली, केबल केव्हा बदलली, चौकट वाऱ्याने केव्हा फिरली, हे एका साध्या वहीत तारीखवार लिहा आणि त्या वहीची प्रतही फायलींसोबत सर्वांना खुली करा.

आपले,
रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सचे काही शिक्षक
म्हापसा, गोवा